बडोद्याहून एसटीने पावागड-चांपानेर : एका दिवसाचं गणित (अनुभव धागा)

थंडी सुरू झाली की पुण्या-नाशिकचे पाहुणे बडोद्यात उतरतात आणि पहिली फर्माईश पावागडची असते. स्वतःची गाडी असेल तर काही विचारायलाच नको. पण एसटी, माचीची बस, रोपवे आणि परतीची एसटी अशी साखळी जुळवायची असेल तर एक कडी निसटली की सगळा दिवस हातचा जातो. ज्यांचं हे जाणं-येणं नेहमीचं आहे त्यांनी इथे लिहावं, नावाऐवजी वर आपला भाग टाकला तरी चालेल. कुठे किती वेळ धरायचा, कुठे अडकायला होतं आणि का, एवढं आलं तरी पुष्कळ. भाडी बदलत राहतात, त्यामुळे आकडे न लिहिलेले बरे.

रावपुरा

आधी नकाशा डोक्यात बसवा, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. 'पावागड' हे एक ठिकाण नाही, तीन थर आहेत. खाली तळेटी, म्हणजे एसटी स्टँड आणि चांपानेर गाव. त्याच्यावर साधारण पाच किलोमीटर घाटाने माची. माचीवरून रोपवेने किंवा पायऱ्यांनी वरचं पठार आणि अगदी टोकाला कालिकामातेचं मंदिर. बडोद्याची एसटी बहुतेक वेळा तळेटीलाच सोडते. तिथून माचीला जायला दुसरी बस किंवा जीप.

स्टेशनजवळच्या सेंट्रल डेपोवरून तळेटी पन्नास किलोमीटरच्या आत आहे. हालोलमार्गे सव्वा तास धरा, लोकल गाडी मिळाली तर दीड. सकाळी सहा-साडेसहाची गाडी धरली तर आठच्या सुमारास तळेटी, साडेआठपर्यंत माची, आणि रोपवेची रांग वाढायच्या आत तुम्ही वर. साडेआठला बडोदं सोडलंत तर रविवारी माचीला पोचेपर्यंत अकरा वाजतात आणि पुढचा दीड तास रांगेत जातो. निघण्यातला दोन तासांचा उशीर संध्याकाळपर्यंत चार तासांचा होतो, तो असा.

अमितनगर किंवा गोल्डन चोकडीला उभं राहूनही गाडी मिळते, पण सुट्टीच्या दिवशी तिथे बस भरूनच येते. बरोबर म्हातारी माणसं असतील तर डेपोवरूनच बसा. जरोद मागे पडलं की उजव्या हाताला डोंगर दिसायला लागतो. सकाळचं ऊनही त्याच बाजूने येतं, तेव्हा डोंगर हवा की सावली हे बसतानाच ठरवा.

दांडिया बाजार

महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी.

पहिली, पाट्या गुजरातीत असतात. घाबरू नका. 'पावागढ' या शब्दातले प, व, ग, ढ ही अक्षरं शिरोरेषा काढून टाकली की जवळपास आपलीच आहेत, दुरूनही वाचता येतात. फसवतो तो आकडा. गुजराती पाच हुबेहूब बिनरेघेच्या 'प'सारखा दिसतो, त्यामुळे फलाटाचा किंवा गाडीचा नंबर वाचताना तो अक्षर वाटून जातो. पाटीवर मार्गाची गावं असतील तर त्यात हालोल आहे ना ते बघा आणि चढण्याआधी कंडक्टरला "पावागढ जशे?" एवढं विचारा. काही गाड्या हालोलहून थेट गोध्र्याला जातात.

दुसरी, महाराष्ट्र एसटीतली महिलांची अर्ध्या तिकिटाची आणि पंचाहत्तरीवरच्यांची मोफत प्रवासाची सवलत इथे लागू नाही. राज्याची हद्द ओलांडली की ती संपते. कंडक्टरशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याच्या मशीनमध्ये ती नोंदच नसते. दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा. माचीच्या बसमध्ये गर्दी असते आणि घाट पाच किलोमीटरचा, सुटे परत मिळण्याआधीच उतरायची वेळ येते.

हालोलला रोज अप-डाउन

थेट पावागडची गाडी मिळाली नाही म्हणून डेपोवर तासभर ताटकळत बसणारे लोक रोज दिसतात. त्याची काही गरज नाही. हालोलची किंवा हालोलमार्गे गोध्र्याची मिळेल ती गाडी पकडा. हालोल स्टँडवरून पावागड सात किलोमीटर आहे, एसटी मिळते आणि शटल रिक्षाही. रिक्षाने जाणार असाल तर बसण्याआधी "तळेटी की माची?" हे स्पष्ट करून घ्या. घाट चढण्याचं भाडं वेगळं असतं आणि भांडणं नेमकी तिथेच होतात.

रेल्वेने जाऊ म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगतो, 'चांपानेर रोड' हे स्टेशनाचं नाव बघून तिकीट काढू नका. ते बडोदा-गोध्रा मार्गावर समलाया आणि डेरोलच्या मधे आहे, चांपानेर गावाजवळ नाही. पूर्वी तिथून हालोल-पावागडकडे नॅरोगेज जायची म्हणून ते जंक्शन. ती गाडी बंद झाली, नाव तेवढं राहिलं. तिथे उतरलात तर पुढे जायला वाहन शोधण्यातच सकाळ जाईल.

वाडी

माची ते मंदिर या टप्प्याबद्दल.

रोपवे १९८६ पासून चालू आहे, इथे सगळे त्याला उडनखटोलाच म्हणतात. तो मंदिराच्या दारात सोडत नाही. वरच्या स्टेशनापासून पुढे दोनशेहून जास्त पायऱ्या चढाव्याच लागतात. "रोपवे आहे, मग चालायला कुठे लागतंय" असं घरच्या म्हाताऱ्यांना सांगून आणलेली माणसं तिथे कठड्याला धरून बसलेली दिसतात. आधीच खरं सांगावं. त्या पायऱ्या झेपणार नसतील तर दुधिया तळ्याकाठी बसूनही डोंगराचा आणि खालच्या मैदानाचा देखावा छान दिसतो. बाकीच्यांनी दर्शन करून यावं.

तिकीट जाऊन-येऊन काढावं की एकेरी? गुडघे चांगले असतील तर वर जाताना रोपवे, उतरताना पायऱ्या असा विचार मनात येतो. माझा सल्ला उलटा आहे. चढताना छाती भरते, पण बसलं की दम परत येतो. उतरताना गुडघे जातात आणि ते दोन दिवस दुखतात. एकच बाजू पायी करायची असेल तर चढण पायी करा, माचीपासून तास-दीड तास धरा आणि उतरताना खटोल्यात बसा.

रोपवे बंद असण्याची कारणं दोन. एक म्हणजे जोराचा वारा, तेव्हा चालती फेरी थांबते आणि वारा उतरेपर्यंत वाट बघावी लागते. दुसरं देखभाल. वर्षातून काही दिवस त्यासाठी बंद ठेवतात आणि त्याची सूचना आधी येते. निघायच्या आदल्या दिवशी गुजराती वर्तमानपत्राचं पंचमहाल जिल्ह्याचं पान चाळा.

नारळ सोलून नेऊ नका. सोललेल्या नारळावर मंदिराने २०२३ मध्ये बंदी घातली. पूजेची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माचीवरच्या वानरांना ती नेमकी कळते. पाठीच्या सॅकमध्ये, चेन लावून.

बाजवाडा

वरच्या सगळ्या सूचना चोख आहेत, पण त्यात चांपानेर कुठे आहे? हजारो लोक तळेटीला उतरतात, माचीच्या बसकडे धावतात आणि संध्याकाळी त्याच स्टँडवरून परत जातात. ज्या कोटाच्या भिंतीला टेकून ते बसची वाट बघतात, तो कोट २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून जरा लांब लिहिते.

गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने बरेच महिने वेढा घालून १४८४ मध्ये पावागड घेतला आणि पायथ्याला नवी राजधानी वसवली. १५३५ मध्ये हुमायून आला, मग राजधानी पुन्हा अहमदाबादला गेली आणि शहर ओस पडलं. वर नवीन शहर चढलं नाही, रान वाढलं, म्हणून ते इतकं शिल्लक राहिलं. पुढे अठराव्या शतकात गड शिंद्यांकडे होता. मराठी माणसाने निदान तेवढ्यासाठी तरी इथे थांबावं.

एसटी स्टँडसमोरच कोटाचं दार आहे. आत गेलं की पाच मिनिटांत शहर की मस्जिद. कोटातून पूर्वेच्या दाराने बाहेर पडलं की थोड्या चालीवर जामी मस्जिद. इथे निदान पाऊण तास द्या. साधारण तीस मीटर उंचीचे दोन मिनार समोरून सगळेच बघतात, फोटो काढतात आणि वळतात. आत १७२ खांब आहेत. मधल्या घुमटाखाली उभं राहून सरळ वर बघा. मजल्यावर मजले चढत गेलेत आणि प्रत्येक मजल्याच्या सज्जातून उजेड आत उतरतो. छताच्या दगडी कमळांच्या पाकळ्या एकीत एक अडकवल्यासारख्या कोरल्या आहेत. दहा-साडेदहाच्या उन्हात त्यांच्या कडा उठून दिसतात, दुपारी दोनला सगळं सपाट वाटतं. बाहेर वजूचं अष्टकोनी कुंड आहे, तेही चुकवू नका.

पुढे केवडा आणि नगीना मस्जिद. रस्ता झाडीतून जातो, सावली आहे, पण टपरी नाही. पाणी स्टँडवरच भरून घ्या, माणशी एक लिटर. चपला नकोत, बूट हवेत, कारण पायवाटेवर बाभळीचे काटे असतात. केवडा-नगीना धरून फेरी अडीच ते तीन तासांची होते, फक्त शहर की आणि जामी केलं तर दीड तासात आटोपते. सर्पिल वाव (पायऱ्यांची विहीर) मात्र या फेरीत येत नाही. ती हालोलच्या बाजूला हमरस्त्यालगत आहे. जेमतेम मीटरभर रुंदीचा जिना विहिरीच्या भिंतीला चिकटून गोल फिरत पाण्याकडे उतरतो. रिक्षावाल्याला "वाव पासे" सांगून परत जाताना दहा मिनिटं थांबवता येतं. पुरातत्त्व खात्याचं तिकीट ऑनलाइन काढता येतं, पण तिथे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, बसमध्येच काढून ठेवा.

रावपुरा

बाजवाडाताई, मान्य. पण क्रम कोणता? मी आधी डोंगर म्हणतो, कारण रांग.

बाजवाडा

थंडीत आधी डोंगर, हे बरोबरच. साडेअकरापर्यंत खाली, खाऊन बारा-सव्वाबाराला चांपानेर, साडेतीनपर्यंत परत स्टँडवर. मार्चनंतर मात्र हा क्रम चालत नाही. दुपारी दगड तापतो आणि मशिदीत बूट काढावे लागतात. तेव्हा एकाच दिवशी दोन्ही करायचा हट्ट सोडा. फक्त चांपानेर करा, सकाळी आठ ते अकरा, आणि दुपारच्या जेवणाला बडोद्यात घरी.

मकरपुरा

पावसाळ्याबद्दल कुणी लिहिलं नाही. देखावा बघायला जायचं असेल तर खरा मोसम जुलै-ऑगस्ट. डोंगर सुमारे आठशे मीटर उंच आहे आणि भोवती सपाट मुलूख, त्यामुळे ढग त्यालाच अडतात. आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेतून वाहणारी विश्वामित्री नदी याच डोंगरात उगम पावते. माचीच्या कडेवरून तिची घळ खाली हिरवीगार दिसते.

तयारी वेगळी लागते. छत्री नको, वाऱ्यात उलटते आणि पायऱ्यांवर दुसऱ्याच्या डोळ्यात जाते, रेनकोट न्या. ढगात मंदिरावरून पाच फुटांपलीकडचं दिसत नाही. अशा वेळी वर जायची घाई करू नका, माचीवर थांबा. ढग बहुधा तुकड्या-तुकड्यांनी सरकतात आणि मधे वीस-पंचवीस मिनिटं उघडीप मिळते. रोपवे थांबला तर पायऱ्यांनी उतरायचा वेळ हातात ठेवा. त्यासाठी दुपारी तीननंतर वर जाऊ नये. ओढ्या-धबधब्यांकडे वनखात्याने वाट बंद केली असेल तर वळसा घालून जाऊ नका. वर पाऊस झाला की खाली पाणी अचानक चढतं आणि शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही.

सुभानपुरा

लहान मुलं बरोबर असतील तर माचीच्या घाटात बसच्या पुढच्या सीटवर बसवा आणि पोट भरून खायला घालू नका. वळणं लागोपाठ आहेत. दशमी, तिखट-मिठाच्या पुऱ्या, लोणचं घरून नेलेलं उत्तम. ताक तळेटीला कुठेही मिळतं.

प्रतापनगर

नवरात्रीचं राहिलं. चैत्री आणि आसो (आश्विनातली), दोन्ही नवरात्रींत खाजगी गाड्या माचीला सोडत नाहीत, फक्त एसटीच्या जादा बस तळेटी-माची फेऱ्या मारतात. म्हणजे या दिवसांत एसटीने जाणाराच फायद्यात. मात्र देखावा आणि चांपानेर यांसाठी हे दिवस नव्हेतच. पौर्णिमा आणि रविवारही शक्यतो टाळा, मंगळवार-बुधवार बघा.

परतीचं एकच सांगतो. तळेटीला सकाळी उतरल्या-उतरल्या, माचीच्या बसकडे धावण्याआधी, स्टँडच्या चौकशीच्या खिडकीवर बडोद्याच्या संध्याकाळच्या गाड्यांच्या वेळा विचारा आणि त्या फळ्याचा फोटो काढून ठेवा. संध्याकाळी पाचला तिथे इतकी गर्दी असते की खिडकीपर्यंत हात पोचत नाही. थेट गाडी भरून गेली तर पुढच्या थेट गाडीसाठी थांबू नका, हालोलला या. तिथून बडोद्याच्या गाड्या जास्त आहेत.

हालोलला रोज अप-डाउन

प्रतापनगर काकांना जोड देतो. हालोल स्टँडवर गोध्र्याकडून येणारी बडोदा गाडी आधीच भरलेली असते, पण बरेच लोक हालोललाच उतरतात. दारापाशी उतरणाऱ्यांना वाट द्या, मग चढा, जागा मिळते. माचीवरून साडेचारला निघालात तर साडेसात-आठपर्यंत बडोद्यात पोचता, आणि डेपोबाहेर सेव-उसळ खाऊन घरी जाता येतं.