प्रकल्प सर्वांचा, तोटा एकाचाच?
सार्वजनिक कामातला तोटा व्यावसायिकाने मुकाट सोसावा, हे मत मला पटत नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये मेट्रोसाठी कॅम्बी मार्ग उघडा खोदल्याने गिऱ्हाईक तुटलेल्या एका कपड्यांच्या दुकानाला २००९ मध्ये मिळालेली ६ लाख डॉलरची भरपाई २०११ मध्ये अपिलात रद्द झाली. मला तो अन्यायच वाटतो. याउलट, नव्या महामार्गामुळे वाहतूक तुटलेल्या अँट्रिम ट्रक सेंटर या ट्रक-थांब्याला ऑन्टारियो प्रांताने जागेची किंमत घटल्याबद्दल ३,३५,००० आणि धंदा बुडाल्याबद्दल ५८,००० डॉलर द्यावेत, हा आदेश कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा लागू केला. काम लोकोपयोगी आहे एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. सर्वांच्या सोयीचा अवाजवी भार एकावरच पडतो का, हे तपासावे लागते.