लिनक्स टाकलं, बदललं, सोडलं, परत घेतलं: मराठवाड्यातले अनुभव सांगा

हा धागा 'कुठलं डिस्ट्रो भारी' यासाठी नाही. (नवख्यांसाठी: लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट प्रणाली, आणि डिस्ट्रो म्हणजे तिचे उबुंटू, मिंट, फेडोरा, मांजारो, आर्च, डेबियन असे वेगवेगळे अवतार.) त्यावर भांडायला जागा पुष्कळ आहेत. मला ऐकायचंय ते एवढंच: घरातल्या, दुकानातल्या, शाळेतल्या कॉम्प्युटरवर एक काढून दुसरं का टाकलंत आणि गाडी नेमकी कुठे अडली? सर्व्हरवाल्यांनी आणि पुण्या-बंगळुरूच्या आयटीवाल्यांनी जरा दम धरावा. ज्यांचं पोट प्रिंटरवर आहे त्यांना आधी बोलू द्या.

सुरुवात माझ्यापासून. अंबाजोगाई, 2007. उबुंटूवाले तेव्हा मागेल त्याला फुकट सीडी पोस्टाने पाठवायचे (2011 मध्ये ते बंद झालं). मी अर्ज केला आणि विसरून गेलो. एक दिवस पोस्टमन परदेशी शिक्क्याचं पाकीट घेऊन दारात. "सर, ह्याचे काही भरायचे नाहीत म्हणे, खरंय का?" त्याचा विश्वास बसेना, माझाही बसत नव्हता. आत 7.04 ची सीडी. संध्याकाळपर्यंत सगळं चालू झालं, शेजारचे बघून गेले. मग वडील म्हणाले, "भीमसेनांचा अभंग लाव." एमपीथ्री वाजेचना. पेटंटच्या भानगडीपायी उबुंटूवाले कोडेक, म्हणजे अशी गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर, सीडीत द्यायचे नाहीत, नेटवरून वेगळं उतरवून घ्यावं लागायचं, आणि माझ्याकडचं नेट म्हणजे फोनच्या तारेवरचं रडगाणं. वडील म्हणाले, "एवढ्या लांबून आलं आणि मुकं निघालं होय!"

मिंटवर गेलो ते केवळ त्यासाठी. मिंटच्या सीडीत कोडेक आधीच भरलेले असायचे. तत्त्वज्ञान, स्वातंत्र्य वगैरे नंतर वाचलं.

आता तुम्ही लिहा.

जालना, पत्रिका-डीटीपी

सर, माझी गोष्ट लांब आहे. जानेवारी 2020 मध्ये विंडोज 7 चा सपोर्ट संपला आणि भाच्यानं दुकानातल्या पीसीवर उबुंटू टाकून दिलं. ऐन लग्नसराईत. चूक माझीच, त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

आमच्या धंद्यातले जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. फॉन्ट कॉपी करून टाकले, तर जुन्या फायली बरोबर दिसायला लागल्या. हुरूप आला. पण नवीन टाईप करायचं तर त्या फॉन्टचा कीबोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं. वाईनमध्ये (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवतं ते) उघडलं, पण दाबायचं एक आणि उमटायचं भलतंच.

मग इनस्क्रिप्ट, म्हणजे युनिकोडचा मराठी कीबोर्ड, शिकलो. वयाच्या पंचेचाळिशीत बोटांना नवीन वळण लावणं म्हणजे काय, ते मला विचारा. 'वऱ्हाडी मंडळी' मधला ऱ्ह मला चार दिवस सापडला नव्हता. रोज 'वर्हाडी' छापून यायचं आणि गिऱ्हाईक बोट ठेवायचं. शेवटी कळलं की ज्या बटणावर र आहे त्याच बटणावर शिफ्ट दाबलं की खाली टिंब असलेला ऱ येतो, त्याला हलंत लावायचा, मग ह. आता डोळे झाकून होतं.

पण प्रेसला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या, रंगातली पीडीएफ लागते. चित्रं काढायचं इंकस्केप आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगात, काम करतं, आणि पान मांडायच्या सॉफ्टवेअरची जी आवृत्ती तेव्हा माझ्या पीसीवर होती तिच्यात जोडाक्षरं तुटायची, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसायची. 'विवाह' हाच शब्द धड येईना. वीस दिवसांनी विंडोजवर परत. लिनक्स घरच्या लॅपटॉपवर राहिलं, पोरगी त्यावर अभ्यास करते.

हिंगोली, सेवा केंद्र

आमचं दोन ओळीतच संपतं. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर आणि डिजिटल सहीचा टोकन, दोन्हींचं सेटअप मला मिळालं ते विंडोजचंच. दुपारी बाहेर बारा माणसं बसलेली, पीक विम्याची शेवटची तारीख, आणि मी आत टर्मिनलमध्ये कमांडा टाईप करत! एका आजोबांनी विचारलं, "काय करायलाव मालक, अंगठा घ्यायलाव का नाही?" त्याच रात्री विंडोज टाकलं.

नांदेड, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

मला बदलायची खाज होती, दादा. पहिल्या वर्षात उबुंटू, फेडोरा, मांजारो, आर्च, परत फेडोरा. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि जुनीला तेरा महिन्यांच्या आसपास सपोर्ट, त्यामुळे बदलायला कारणही शोधावं लागत नाही. होस्टेलवर पेनड्राईव्ह कायम खिशात, कुणाचाही लॅपटॉप बिघडला की मला बोलावणं.

सोयाबीनच्या हंगामात घरी आलो. बाबांची आडत आहे, हिशोबाचा पीसी घरात. त्यावर बसून पेनड्राईव्हवर आयएसओ (लिनक्स टाकायची फाईल) लिहायला घेतली, 'डीडी' कमांडनं. ही कमांड विचारत नाही की 'नक्की का?' एसडीबी (पेनड्राईव्ह) लिहायचं तिथं एसडीए (पीसीची हार्डडिस्क) लिहिलं आणि एंटर मारला. पेनड्राईव्हचा दिवा लुकलुकेना आणि डबड्यातली हार्डडिस्क मात्र करकरायला लागली, तेव्हा पोटात गोळा आला.

केबल ओढली तोवर डिस्कचा सुरुवातीचा भाग गेला होता, पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या कप्प्यांची, यादी त्यातच. पुढचा डेटा शाबूत होता. डिस्क काढून मित्राच्या पीसीला लावली, गेलेल्या फायली शोधणारं फोटोरेक रात्रभर चालवलं. फायली आल्या, पण फोटोरेक नावं परत देत नाही, नुसते आकडे. सहाशेच्या वर एक्सेल फायली. बाबा आणि मी तीन रात्री एकेक उघडून बसलो. बाबा नुसतं बघून सांगायचे, "ही मागच्या साली भोकरच्या माणसाची पट्टी." चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

आता डेबियन स्टेबल. साधारण दोन वर्षांतून एकदा नवं येतं, मधे नुसत्या दुरुस्त्या. होम पार्टिशन, म्हणजे आपल्या फायलींचा कप्पा, वेगळं, आणि पेनड्राईव्ह लिहायच्या आधी एलएसबीएलके या कमांडनं डिस्कची यादी काढून आकार बघतो. पाचशे जीबी म्हणजे पेनड्राईव्ह नाही, एवढं पाठ झालंय.

जालन्याच्या काका, पान मांडायला स्क्रायबस 1.6 बघा. 2024 च्या जानेवारीत आलं, त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट येतात आणि सीएमवायके पीडीएफ पण निघते.

परभणी, प्राथमिक शिक्षिका

मुलाच्या 2020 च्या ऑनलाईन शाळेसाठी जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला मिंट एक्सएफसीई, म्हणजे मिंटचं हलकं रूप, टाकून घेतलं. रॅम दोन जीबी, तरी चाललं. पण लिनक्स वापरून विंडोज उघडलं की घड्याळ मागं. शाळा दहाची आणि घड्याळात साडेचार! दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, आतला सेल गेला." बदलला. आठवड्यात परत तेच. दुसऱ्यानंही सेलच बदलला. दोन्ही सेल जपून ठेवलेत, वजनकाट्यात कामाला आले.

नंतर मीच एकदा हिशोब केला. फरक दर वेळी नेमका साडेपाच तासांचा. सेल गेला असता तर इतकं शिस्तीत मागं पडलं नसतं. ग्रीनिचपासून आपण साडेपाच तास पुढे, हे मी दरवर्षी पोरांना शिकवते! विंडोज आतल्या घड्याळात इथली वेळ ठेवतं आणि लिनक्स ग्रीनिचची. दोघं आळीपाळीनं एकमेकांचं पुसत होते. लिनक्सला 'स्थानिक वेळ धर' असं एका कमांडनं सांगितलं आणि भांडण मिटलं.

एक विचारायचंय. शाळेत 32 बिटचे दोन जुने पीसी पडून आहेत, त्यावर काय टाकू?

नांदेड

ताई, उबुंटूनं 32 बिटचं डेस्कटॉप कधीच सोडलं, मिंटच्या मुख्य आवृत्तीतलं 19 बरोबर थांबलं. डेबियन 12 आहे, पण 13 पासून त्यांनीही 32 बिटचं इन्स्टॉलर काढलं. आधी प्रोसेसर खरंच 32 बिटचा आहे का ते बघा. बऱ्याचदा प्रोसेसर 64 चा असतो आणि कुणीतरी विंडोज 32 चं टाकलेलं असतं.

लातूर, क्लासमध्ये पेपर टाईप करतो

2022 च्या पावसाळ्यात उबुंटू 20.04 वरून 22.04 वर जायला घेतलं, अर्ध्यावर लाईट गेली. यूपीएसनं सहा मिनिटं तग धरली. परत आली तर काळी स्क्रीन, लॉगिन येईना गेलं. दुसऱ्या दिवशी सहाशे पोरांची टेस्ट. रिकव्हरीत जाऊन बघितलं, तर काम मधेच तुटलंय, 'डीपीकेजी कॉन्फिगर' चालवा असं स्क्रीनवरच लिहिलेलं. चालवलं. जिथं थांबलं होतं तिथून गाडं पुढं गेलं. पहाटे तीनला पेपर छापले. तेव्हापासून अपग्रेड म्हटलं की आधी भारनियमनाचं वेळापत्रक बघतो, मग बॅकअप, मग चहा.

बदललं मात्र नाही. फिजिक्सची समीकरणं लेटेकमध्ये (समीकरणं नीट छापणारं सॉफ्टवेअर) लिहायची सवय लागलीय, ती सोडवत नाही.

बीड

फ्रीबीएसडी, लिनक्सचं चुलत भावंड. तीन दिवस. वायफाय.

छत्रपती संभाजीनगर, वाळूजला नोकरी

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि माझा सातव्या पिढीचा आय-फाईव्ह प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसेना. चांगला धडधाकट लॅपटॉप, भंगारात का घालू? मिंट 22 टाकलं. बायकोला सांगितलं नव्हतं. चार दिवसांनी म्हणाली, "लवकर चालू व्हायलंय आजकाल, साफ केलंस काय?" अजून सांगितलेलं नाही. प्रिंटर मात्र रुसलाय, त्याला लिनक्सचा ड्रायव्हर आहे पण दर दुसऱ्या पानाला अडतो. तोवर पीडीएफ करून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे, पानाला पाच रुपये.

जालना, पत्रिका-डीटीपी

पोरा, तुझं ऐकून पोरीच्या लॅपटॉपवर स्क्रायबस टाकलं. मुक्ता फॉन्ट घेतला, एका बारशाचं कार्ड मांडलं, प्रेसला पीडीएफ दिली. वेलांटी जागेवर, ऱ्ह जागेवर, रंगही बरोबर उतरला. कार्ड घ्यायला बाळाचे आजोबा आले. चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरंय, पण अक्षर बारीक वाटतंय, तुमचं नेहमीचं नाही का?"

दुकानातला पीसी अजून विंडोजवरच आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत ते नेहमीचं अक्षर शोधतो.