मदत हवी: एक्सपीचा लोगो दिसतो, डेस्कटॉप येताना 'नो सिग्नल'

नमस्कार मंडळी,

वाईजवळ आमच्या गावी बाबांचं डीटीपीचं (संगणकावर छपाईची पानं मांडायचं) काम वीस वर्षं एकाच मशीनवर चालतं. पेंटियम ४, विंडोज एक्सपी, पेजमेकर. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) मागच्या जुन्या प्रिंटर पोर्टात बसतं, तो पोर्ट आताच्या लॅपटॉपला नसतो. त्यामुळे 'नवीनच घ्या' हा सल्ला कृपया नको.

गेल्या आठवड्यात १७ इंची सीआरटी (जुना, पिक्चर ट्यूबचा मॉनिटर) फट्‌ आवाज होऊन गेला. मी २२ इंची एलईडी आणला, त्याला फक्त एचडीएमआय. मशीनला १५ पिनांचा निळा व्हीजीए. पहिला कन्व्हर्टर उलटा निघाला, एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा. दोन्ही दिसतात सारखेच, पण व्हीजीएचा अ‍ॅनालॉग सिग्नल डिजिटल करायला वेगळी चिप लागते. कुणी घेणार असाल तर दिशा नीट वाचून घ्या, माझे पैसे वाया गेले. आता योग्य तो आणलाय, यूएसबीतून ५ व्होल्ट घेणारा.

सुरू केल्यावर बायोसची अक्षरं स्वच्छ. एक्सपीचा लोगो, खालची सरकती पट्टी, तेही दिसतं. मग स्क्रीन काळी आणि 'नो सिग्नल'. स्पीकरमधून विंडोजची धून मात्र येते. एफ८ दाबून सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या गोष्टींवर चालतं तिथे) गेलो तर डेस्कटॉप व्यवस्थित. म्हणजे केबल आणि कन्व्हर्टर ठीक असावेत.

माझा संशय रिफ्रेश रेटवर आहे, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं त्यावर. ६० हर्ट्झला सीआरटी लुकलुकायचा, बाबांचे डोळे दुखायचे, म्हणून मीच तो ८५ वर ठेवला होता. कन्व्हर्टरला ८५ झेपत नसावा. पण सेफ मोडमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरच चालू नसतो, तिथे ८५ चे ६० करायची सोय मिळत नाही.

एफ८ च्याच यादीत 'एनेबल व्हीजीए मोड' आहे. त्यातून आत जाऊन १०२४ बाय ७६८, ६० हर्ट्झ केलं तर पुढच्या वेळी ते टिकेल का? डिव्हाइस मॅनेजरमध्ये अजून जुन्या सीआरटीचंच नाव आहे, ते आधी काढून टाकू का? ड्रायव्हरची सीडी सापडत नाही, म्हणून काही उडवायची भीती वाटते.

यात्रेचं हँडबिल बुधवारी छापायला द्यायचंय. नाहीच जमलं तर पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन व्हीजीएवाला जुना एलसीडी बघेन, पण असे बरेच एलसीडी ७५ हर्ट्झच्या पुढे जात नाहीत, मग घोडं तिथेच अडेल. ज्यांनी एक्सपीवर हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी आज-उद्या सांगितलं तर फार उपकार होतील. बाबा रोज सकाळी खुर्चीत येऊन बसतात आणि 'झालं का रे?' विचारतात.