बाबांचे अभंग घरीच रेकॉर्ड करायचेत, सॉफ्टवेअर कुठलं आणि लॅपटॉप कुठला घेऊ?

पेटीवाल्याचा_पोर

नमस्कार मंडळी. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. बाबा पस्तीस वर्षं गावच्या भजनी मंडळात गातात, पेटी स्वतःच वाजवतात, पखवाजाला शेजारचे अण्णा. बाबा आता ६३ चे झालेत. पूर्वी पेटीवरच्या 'काळी चार' या वरच्या पट्टीत आरामात गायचे, आता खालच्या 'काळी दोन'वर आलेत आणि गवळणीत वरच्या जागेला गेलं की आवाज फाटतो, म्हणून मला घाई झालीय. पंचवीस-तीस अभंग तरी नीट रेकॉर्ड करून ठेवायचेत.

मोबाइलवर करून बघितलं. पखवाजावर थाप पडली की बाबांचा आवाज एकदम दबतो आणि मग हळूहळू परत वर येतो, ऐकवत नाही.

बजेट सगळं मिळून ७० हजार. घरात २०१५ चा लॅपटॉप आहे, आय थ्री पाचवी जनरेशन, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. दुकानात गेलो तर म्युझिकसाठी गेमिंग लॅपटॉपच लागतो म्हणाले, ६५ हजाराचा दाखवला. मित्र लग्नात डीजे वाजवतो तो म्हणतो एफएल स्टुडिओ हे सॉफ्टवेअर घे, पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो मॅकशिवाय पर्याय नाही. मला यातलं काहीच कळत नाही, एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅप एवढंच येतं. कृपया सांगा.

फेडर_पुणे

भावा ६५ हजार लॅपटॉपात घालू नकोस, थांब. ७० मधले ६५ तिथे गेले तर माइक कशाने घेणार? आणि तुझ्या कामात आवाज ठरतो तो माइक आणि खोलीवर, प्रोसेसरवर नाही.

मी पंधरा वर्षं हेच करतो, जास्त करून भजन, कीर्तन आणि शाळांची गॅदरिंगची गाणी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मोबाइलचं. फोन आपोआप लेव्हल कमी-जास्त करतो. थाप मोठी आली की तो सगळाच आवाज खाली ओढतो, बाबांच्या गळ्यासकट. म्हणून तुला ऑडिओ इंटरफेस लागणार, म्हणजे माइक लावायचा डबा, जो यूएसबीने लॅपटॉपला जोडतात आणि ज्याची लेव्हल आपण हाताने ठरवतो. घेताना माइकची इनपुट मोजून घे. फोकसराइट स्कार्लेट सोलोमध्ये माइकची इनपुट एकच आहे, टू-आय-टूमध्ये दोन. तुला गळा एक, पेटी एक, पखवाजाला दोन तोंडं म्हणून दोन, असे चार माइक हवेत. बेहरिंगरचा यूएमसी ४०४ एचडी बघ, त्यात चार आहेत. पैसे कमी पडले तर पखवाजाला वरून एकच माइक लाव, चालतं.

आता कॉम्प्युटर. लोक ज्याला घाबरतात ती लेटन्सी, म्हणजे वाजवल्यापासून कानात परत यायला लागणारा वेळ, ती बफरवर ठरते, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) एका वेळी उचलतो त्यावर. सेकंदाला ४८ हजार नमुने, म्हणजे ४८ हजार सॅम्पल रेटला बफर १२८ ठेवला तर एका बाजूचे २.७ मिलिसेकंद, १०२४ ठेवला तर २१. बफर जेवढा लहान तेवढी मशीनची दमछाक. पण हा लहान बफर कुणाला लागतो, तर जो कीबोर्ड दाबून कॉम्प्युटरमधली सतार नाहीतर पियानो वाजवतो त्याला. तुझे बाबा खरी पेटी वाजवणार, समोर अण्णा खरा पखवाज वाजवणार, कानाला हेडफोनसुद्धा नको. मग बफर सरळ १०२४ कर आणि मशीनला श्वास घेऊ दे, तुला त्याने काडीचा फरक पडत नाही.

डिस्कचा हिशोब पण बघ. २४ बिट ४८ हजारला एक मोनो ट्रॅक, म्हणजे एका माइकचं रेकॉर्डिंग, मिनिटाला साधारण ८.६ एमबी. चार ट्रॅक म्हणजे ३५. दहा मिनिटांचा अभंग ३५० एमबी, असे तीस अभंग धरले तरी दहा-अकरा जीबी. हे तर तुझा जुना लॅपटॉप पण उचलेल. त्यात साध्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क टाक, रॅम ८ करून घे, हे गावाजवळचा रिपेअरवाला अर्ध्या तासात करतो. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि पाचव्या जनरेशनवर विंडोज ११ अधिकृतपणे येत नाही, म्हणून रेकॉर्डिंगपुरतं मशीन इंटरनेटशिवाय वापर.

सॉफ्टवेअर रीपर घे. ज्याने गाणी वाजवायचं जुनं सॉफ्टवेअर विनअ‍ॅम्प बनवलं त्याच माणसाचं आहे. डाउनलोड छोटं, जुन्या मशीनवर चालतं, ६० दिवस पूर्ण वापरून बघायला देतात, नंतर घरगुती लायसन्स ६० डॉलर. त्यात तबला पियानो असली वाद्यं जवळपास नाहीतच, पण तुला ती कुठे हवीत.

ढोलताशा_कोल्हापूर

मी एफएलवाला, १२ वर्षं झाली, त्यामुळे मित्राचं का म्हणणं आहे ते कळतं. बीट बनवायला, रिमिक्सला, गणपतीच्या गाण्यांना एफएलसारखं पटकन काम कशातच होत नाही आणि एकदा घेतलं की पुढचे सगळे अपडेट फुकट, ही फार मोठी गोष्ट आहे. पण तुझ्यासाठी नको. त्याची सगळ्यात स्वस्त फ्रूटी एडिशन घेतलीस तर त्यात माइकवरून रेकॉर्डच होत नाही, त्यासाठी प्रोड्यूसर एडिशन लागते, मी स्वतः यात फसलेलो, ताशा रेकॉर्ड करायला बसलो आणि बटण सापडेना. आणि ट्रायलमध्ये सेव्ह होतं पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडता येत नाही, बाबांचे दोन तास गायलेले तिथेच अडकतील.

कोणी क्रॅक, म्हणजे चोरीची फुकट कॉपी देतो म्हणाला तर घेऊ नको. माझा एक सबंध प्रोजेक्ट त्याच्यापायी गेला, अँटिव्हायरसने अर्ध्या फाइल उचलल्या आणि बाकीच्या उघडेचनात. रीपर साठ दिवस राजरोस वापरायला देतंय तर कशाला ती भानगड.

स्वरमेघ_ठाणे

मी मॅकवर आहे, एम वन मॅकबुक एअर, २०२० चा. तुमचा चुलतभाऊ चुकीचं सांगत नाहीये पण अर्धंच सांगतोय. मला तो का आवडतो तर त्यात पंखाच नाही, शेजारी ठेवून गायलं तरी माइकमध्ये घरघर येत नाही, आणि गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण माझा ८ जीबीचा आहे आणि मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, आता मोठ्या सॅम्पल लायब्ररी (रेकॉर्ड केलेल्या वाद्यांचे संच) उघडल्या की अडकतो. कधी घेतलाच तर १६ च्या खाली नको. अ‍ॅपलचं मोठं सॉफ्टवेअर लॉजिक हवं असेल तर ते विंडोजवर चालत नाही हे खरं, पण अभंगासाठी त्याची गरज मला तरी वाटत नाही.

गेमिंग लॅपटॉपचं एवढंच सांगते की त्यातलं ग्राफिक्स कार्ड आपल्या काहीच कामाचं नाही आणि पंखा भयंकर ओरडतो. माझ्या भाच्याचा आहे. आलापात ऐकू येतो.

खरं सांगायचं ते खोलीचं. आम्ही आधी हॉलमध्ये रेकॉर्ड केलं, टाइल्स, काचेच्या खिडक्या, सगळं रिकामं डब्यात गायल्यासारखं आलं. मग आईने गोधड्या काढून दोन भिंतींवर टांगल्या, खाली सतरंजी, आणि त्याच माइकमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. तुमच्याकडे गावाला धान्याची पोती ठेवायची खोली असेल ना? तिथे बसवा बाबांना. पत्रा असेल तर पावसाच्या दिवशी करू नका, आणि सीलिंग फॅन बंद.

लॅपटॉप दुसऱ्या खोलीत ठेवा. माइकची केबल दहा मीटरची घ्या, ती एक्सएलआर प्रकारची असते, लांब गेली तरी चालते, यूएसबी मात्र पाच मीटरच्या पुढे नेऊ नका. ब्लूटूथ हेडफोनवर ऐकून वर काही गायचं ठरवलंत तर ते नाही जमणार, आवाज मागे पडतो, वायरचाच घ्या.

पेटीवाल्याचा_पोर

ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, कळवायचं राहिलं.

लॅपटॉप नवीन घेतला नाही. एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाकली. चार इनपुटचा इंटरफेस घेतला, गळ्याला डायनॅमिक प्रकारचा माइक, पेटीला कंडेन्सर प्रकारचा, पखवाजाला सध्या एकच. रीपर टाकलं. पहिल्या दिवशी टर्र टर्र असा आवाज येत होता, वायफाय बंद केलं आणि बफर १०२४ केला तर गेला. दुसरा एक बारीक घूंऽऽ होता, तो चार्जर काढला की जात होता, आमच्या घरात अर्थिंग नाही. आता पूर्ण चार्ज करून बॅटरीवर करतो, दोन अभंग झाले की थांबतो, बाबांनाही तेवढाच चहा.

पोत्यांच्या खोलीत बसवलं. पहिला अभंग झाला आणि मी बाबांच्या कानाला हेडफोन लावला. डोळे मिटून सगळा ऐकला, मग म्हणाले, "दुसऱ्या चरणाला मी घाई केली. परत घे." पस्तीस वर्षांत स्वतःचा आवाज असा त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असेल. त्या दिवशी तोच अभंग पाच वेळा घेतला.

दोन अडचणी आहेत. पेटीच्या ट्रॅकमध्ये भात्याचा फुस्स आवाज फार येतो. आणि मोबाइलवरचा तानपुरा मागे लावला तर पेटीशी जुळतच नाही, काळी दोन लावूनही.

फेडर_पुणे

वा, पाच वेळा घेतला हे वाचून फार बरं वाटलं. प्रत्येक टेक ठेव, कुठलाही पुसू नको, डिस्क स्वस्त आहे. आणि रोज रात्री पेनड्राइव्ह किंवा दुसऱ्या डिस्कवर कॉपी, हे विसरायचं नाही.

भात्यासाठी माइक पेटीच्या मागून काढ, तिथूनच हवा येते. बाबांच्या बाजूने पट्ट्यांच्या दीड फूट वर धर, थोडा तिरका. पखवाजाच्या धुमाला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावल्यावर तो फार मोठा बोलतो, म्हणून लेव्हल ठरवताना अण्णांना त्यांची सगळ्यात जोराची थाप मारायला सांग आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा नॉब ठेव. २४ बिटमध्ये लेव्हल कमी आली तरी नंतर वाढवता येते, फाटलेली थाप मात्र दुरुस्त होत नाही.

तानपुऱ्याचं, जुनी पेटी आजच्या प्रमाण सुरावर, म्हणजे ४४० हर्ट्झवर असेलच असं नाही. रीपरमध्ये रीट्यून नावाचा सूर मोजणारा प्लगइन (जोड-प्रोग्राम) आहे, पेटीच्या ट्रॅकवर लाव, बाबांना सा धरायला सांग आणि आकडा किती सेंट (दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) पुढे-मागे दाखवतो ते लिहून घे. मग पंचम पण बघ, सगळे सूर सारखेच सरकलेले नसतात.

पेटीवाल्याचा_पोर

बघितलं. सा २० सेंट वर आहे, पंचम १८. पेटी साताऱ्याला नेऊन सुरात लावून आणू का?

फेडर_पुणे

अजिबात नको. बाबांचा गळा त्याच पेटीवर बसलाय आणि वीस सेंट सारखेच वर असतील तर पेटी आपल्या जागी सुरातच आहे, फक्त ४४० ऐवजी ४४५ च्या जवळ. तानपुऱ्याच्या अ‍ॅपमध्ये बारीक ट्यूनिंग असतं, त्याला २० सेंट वर कर. जुळलं की कळव, आणि अण्णांसाठी दुसरा माइक मिळेपर्यंत पखवाजाचे अभंग शेवटी घे.