अनुभव धागा: याहू ग्रुपचा जमाना, साइटवरचे बाफ (चर्चेचे धागे) आणि आपापले छंद

डोंगरकिडा
माळा आवरताना जुन्या सॅकच्या मागच्या कप्प्यात मेलच्या प्रिंट्सची घडी सापडली. ऑफिसच्या प्रिंटरवर, पाठकोऱ्या कागदांवर काढलेल्या. विषयाच्या ओळीत 'रि: रि: रि: स्लीपिंग बॅग कुठे मिळेल', आणि आत काय, तर हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेचं अथपासून इतिपर्यंत वर्णन! बेलपाड्यातून निघाल्यावर ओढ्यात कधी उतरायचं, कुठल्या कातळटप्प्याला दोर लागतो, पाणी किती न्यायचं. सगळं इंग्रजी अक्षरांतलं मराठी, कडा की काढा ते संदर्भाने ओळखायचं.

ग्रुप याहूवरचा, म्हणजे मेलिंग लिस्ट: एकाने लिहिलेली मेल सगळ्यांना. निम्मे लोक मी कधी पाहिलेही नाहीत. मी डायजेस्ट लावलं होतं, म्हणजे पंचवीस मेलांची एक लांबच लांब मेल येई. जेवताना वाचायची. मग कुणीतरी टूम काढली की आता साइट करू, विभाग पाडू: घाटवाटा, किल्ले, सामान. साइट देखणी झाली. पण मेलवर दर सोमवारी दोन-दोन पानं लिहिणारे एक काका तिथे फिरकलेच नाहीत. पासवर्ड विसरलो म्हणाले. मला नाही पटलं. मेल म्हणजे त्यांना पत्र वाटायचं, साइट म्हणजे फळा.

तुमचे छंद कुठले, कट्टे कुठे भरायचे? मेल बरी की साइट? लिहा.

चकली
वाचतेय. दूध तापत ठेवलंय, नंतर लिहिते.

शेपटी_हलवणारा
पक्षी. आमच्या लिस्टवर फोटो जोडायला बंदी होती. हॉटमेलची पेटी तेव्हा २ एमबीची, चार फोटो आले की भरली, पुढची मेल परत. म्हणून पक्षी शब्दांत सांगावा लागे. 'काळा पक्षी दिसला, कोणता?' असं विचारलं की ज्येष्ठ मंडळी उलटतपासणी घेत. कुठे बसला होता? चोच कशी? शेपटी काय करत होती? मी मुठेकाठी पाहिलेल्या एकाबद्दल लिहिलं होतं: डोकं-पाठ काळी, भुवई पांढरी आणि ठसठशीत, दगडावर बसून शेपटी सारखी वरखाली. एका ओळीत उत्तर: 'मोठा धोबी. बारमाही इथलाच. थंडीत येणारे धोबी वेगळे, ते आता शोध.' झालं, पुढचे सगळे रविवार नदीवर!

आता मोबाइलवर फोटो टाकतात, खाली 'नाव सांगा प्लीज'. नाव मिळतं, विषय संपतो. बघणं कमी झालंय असं माझं मत. मारा दगड.

पाटीपेन्सिल
पहिला दगड माझा. झाडांच्या बाबतीत फोटोशिवाय काय करणार? 'पान हिरवं, फूल पिवळं'? इंडियनट्रीपिक्स हा गूगल ग्रुप २००७ मध्ये सुरू झाला, मेल आणि फोटो दोन्ही. त्याचंच पुढे ईफ्लोरा ऑफ इंडिया झालं, साइटही उभी राहिली. म्हणजे गप्पा मेलवर, पक्कं झालेलं साइटवर. मला तरी हीच पद्धत बरी वाटते. भांडण लावून काय मिळतं?

शेपटी_हलवणारा
झाडं पळत नाहीत हो. तुमचं सोपं आहे :)

जर्सीकर
आमच्याकडे रात्र आहे, एका हातानं लिहितेय, दुसऱ्यात बाळ. (नात. मी आजी.)

मेल-मेल काय करताय? आमच्या रांधणाऱ्या बायकांच्या लिस्टवर दर गणपतीला तोच प्रश्न: मोदकाची उकड फाटते, पिठी कुठली वापरू? दर वर्षी नवीन सून, नवीन मेल, आणि आम्ही दर वर्षी पहिल्यापासून उत्तर लिहायचो. थाई दुकानातली तांदळाची पिठी आणा, पाण्यात चमचाभर तूप, झाकून वाफ येऊ द्या, गरम असतानाच मळा. जुन्या मेलांत शोधायला गेलं तर 'मोदक' म्हणून तीनशे मेल, त्यातल्या निम्म्यांत नुसतं 'वा, छान झाले हो!' मायबोली ही मराठी साइट १९९६ पासून आहे, तिथे कळलं की एकदा नीट लिहिलं की पुढच्यांना दुवा दिला, संपलं. मी साइटवाली.

चकली
दूध उतू गेलं. आजी, तूप की तेल?

जर्सीकर
तूप गं. आणि मीठ विसरू नकोस, कणभर.

निवृत्त_मॉडरेटर
इथे सगळ्यांनी वाचायची मजा लिहिली आहे. घर चालवणाऱ्याचं कुणी विचारत नाही, म्हणून लिहितो.

लिस्टला एक सेटिंग असतं: 'रिप्लाय' दाबलं की उत्तर लिहिणाऱ्या एकट्याला जावं की सगळ्यांना. एकट्याला ठेवलं तर ग्रुप मुका होतो, सगळ्या गप्पा आतल्या आत. सगळ्यांना ठेवलं तर ग्रुप जागता राहतो, पण कधी ना कधी कुणाचं तरी बिंग फुटतं. एका पोराने मित्राला लिहिलं, 'घरी सांगितलंय तुझ्याकडे अभ्यासाला येतोय, आईचा फोन आला तर सांभाळ.' गेलं सगळ्या ट्रेकर जनतेला. त्यात त्याचे सख्खे मामा होते.

दुसरं, रजेचं आपोआप उत्तर. एक सदस्य मे महिन्यात 'मी गावी आहे, आल्यावर उत्तर देईन' असं लावून खरोखरच गावी गेले. लिस्टवर मेल आली की त्यांचं उत्तर लिस्टवर. ते उत्तर लिस्टवरून पुन्हा त्यांनाच. त्याला पुन्हा उत्तर. मी रात्री सायबर कॅफेत पोचेपर्यंत लोकांच्या पेट्या तुडुंब, अर्ध्या लोकांच्या मेल परत फिरलेल्या, त्या परतीच्या सूचना माझ्या पेटीत. कॅफेवाला शटर ओढत होता आणि मी एकेक पुसत होतो. साइटवर हे होत नाही. तिथे वेगळंच होतं: रशियन औषधांच्या जाहिराती करणारे नवे सदस्य. रोज सकाळी दात घासायच्या आधी ते उडवायचे.

डोंगरकिडा
मामांनी काय केलं?

निवृत्त_मॉडरेटर
'सरी पडणार आहेत, रेनकोट घेऊन जा' असं लिस्टवरच उत्तर दिलं.

ऐकीव
मी दृष्टिहीन आहे. छंद जुन्या नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिकांचा. मेल म्हणजे माझ्यासाठी साधा मजकूर. स्क्रीन रीडर वरून खाली वाचत जातो, बाण दाबला की पुढची मेल. साइटवर आधी वरची पट्टी, मग डावीकडची यादी, मग जाहिराती, मग सदस्याचं नाव, त्याचं गाव, त्याचं सुभाषित, आणि मग कुठे 'सहमत' एवढा एकच शब्द. नाव नोंदवायला गेलो तर वाकडी अक्षरं ओळखा म्हणे. शेजारच्या मुलाला बोलावून नोंदणी केली.

मेलचाही एक त्रास होता. लोक आधीची अख्खी मेल खाली तशीच ठेवून उत्तर देत. तेच संभाषण सहा वेळा ऐकलंय. तरी माझं मत मेललाच.

पाटीपेन्सिल
ऐकीव, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या साइटवर चित्रांना वर्णन लिहायची जागा आहे, रिकामीच ठेवतो आम्ही. उद्याच बोलते.

मधलासुट्टी
मुंबई-पुणे गाडीत आहे, रेंज जातेय. ऑर्कुटचं, त्या जुन्या सोशल नेटवर्कचं, नाव कुणी काढलं नाही? २००४ ते सप्टेंबर २०१४. आमचा सायकलवाल्यांचा सगळा दंगा तिथे. ना धड मेल, ना धड साइट, पण धमा (बोगदा)

मधलासुट्टी
धमाल होती, असं म्हणायचं होतं.

टांकसाळ
नाणी. विशेषतः शिवराई, मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', पण ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे प्रत्येकावर थोडी थोडी अक्षरं. चार जणांची चार नाणी शेजारी ठेवली की पूर्ण ठसा समजतो. त्यासाठी साइटच हवी. आमच्या एका धाग्यावर दुदांडी, म्हणजे दोन आडव्या रेघांच्या, शिवराई नाण्यांचे फोटो वर्षानुवर्षं जमत होते, एकाखाली एक. कुणी वजन लिही, कुणी दांड्यांमधलं अंतर.

फोटो मात्र दुसऱ्याच एका फुकट साइटवर ठेवून इथे नुसते दुवे दिलेले. तिने नियम बदलले आणि एका सकाळी अख्ख्या धाग्यावर राखाडी चौकोन. खाली प्रतिसाद तसेच: 'वा! दुसऱ्या ओळीतला श बघा.' कुठला श?

निवृत्त_मॉडरेटर
मेलवाल्यांनीही फुशारू नये. याहूने २८ ऑक्टोबर २०१९ पासून ग्रुपवर नवीन काही चढवणं बंद केलं, जुना साठा उतरवून घ्यायची मुदत ३१ जानेवारी २०२० पर्यंत वाढवली आणि १५ डिसेंबर २०२० ला ग्रुपच बंद झाले. काही जण ग्रुप्स डॉट आयओवर गेले, साठ्यासकट. बाकीच्यांचं जे उरलं ते लोकांच्या आपापल्या पेट्यांत. हा मेलचा गुण खरा: मूळ घर पडलं तरी प्रती शंभर घरांत. साइट बंद पडली आणि बॅकअप नसला की कुणाकडेच काही नाही.

शेपटी_हलवणारा
आता सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. सकाळी फुलांचे सुप्रभात, मग कुणाचा तरी वाढदिवस, त्यात एक दुर्मीळ घुबड वाहून गेलं.

मधलासुट्टी
लोणावळा आलं. चिक्की घेऊ का?

चकली
टांकसाळ, आजोबांच्या डब्यात तांब्याचे जाड, ओबडधोबड गोल तुकडे आहेत, अक्षरांसारखं काहीतरी दिसतं. फोटो टाकू का?

टांकसाळ
टाका, टाका! दोन्ही बाजूंचे, शेजारी रुपया ठेवून. आणि काही झालं तरी घासू नका. वरचा काळपट थर गेला की नाण्याची किंमतच जाते.

चकली
उशीर केलात. आईनं कालच चिंच लावून लखलखीत केलेत. देवापुढे ठेवलेत.