सोन्याच्या जुन्या नाण्यांत पैसे घालावेत का? (बजेट अडीच लाख)

रावेरकर: मंडळी, सल्ला हवाय. यंदा केळीला भाव बरा मिळाला. घरच्यांचं म्हणणं बांगड्या करू, पण घडणावळीत पैसे घालवायला माझं मन होत नाही. सध्या ऑनलाइन लिलाव नुसते बघतोय. व्हिक्टोरियाची १८६२ ची मोहोर, १९१८ चे पंधरा रुपये, मोगल मोहरा, सगळंच अंदाजी किमतीच्या वर जातंय. हे सोन्याच्या भावामुळे की नाण्यांनाच गिऱ्हाईक वाढलंय? एकच नाणं घ्यायचंय, आठ-दहा वर्षं हात लावणार नाही. बजेट अडीच लाख, सगळं धरून. प्लॉट सुचवू नये ही विनंती.

गिरणाकाठ: प्लॉट घ्या. पाचोऱ्याला भावाने घेतला, आज मागेल ती किंमत येते.

सातपुडा_७२: घ्यायचंच तर १८३५ ची विल्यम चौथ्याची दोन मोहोर घ्या. मागे सिंह आणि ताडाचं झाड. अख्ख्या ब्रिटिश इंडियात असं देखणं नाणं नाही. बजेट थोडं वाढवा.

रावेरकर: थोडं म्हणजे किती?

सातपुडा_७२: एखादं शेत काढा.

अमळनेरचा_मास्तर: त्यात एक गोम आहे. तीच तारीख घालून टांकसाळीने नंतरही ती नाणी पाडली, त्यांना रिस्ट्राइक म्हणतात. रिस्ट्राइकची किंमत अस्सलाच्या आसपासही जात नाही, आणि फोटोवरून नवख्याला फरक कळत नाही.

आता मूळ प्रश्न. आधी धातूचा हिशेब मांडा. ब्रिटिश मोहोर ११.६६ ग्रॅमची, म्हणजे जुना पक्का तोळा. सोनं २२ कॅरेट, तेव्हा शुद्ध सोनं साधारण १०.६९ ग्रॅम. १९१८ चे पंधरा रुपये मुंबईत पाडले, ते सॉव्हरिन या इंग्लंडच्या सोन्याच्या नाण्याच्याच वजनाचे, ७.९८ ग्रॅम, शुद्ध ७.३२. त्या दिवशीच्या भावाने गुणा. त्याच्या वर जे द्याल ते दुर्मिळपणाचे. सोनं वाढलं की तळ वर सरकतो, एवढं खरं. पण वरचा भाग गिऱ्हाइकांच्या हौसेवर चालतो आणि तो खालीही येतो. हे बोली लावताना कोणी बघत नाही.

दुसरं, हातोडा पडतो तो आकडा शेवटचा नसतो. त्यावर लिलाववाल्याचं कमिशन, जीएसटी, कुरियर. अडीच लाख सगळं धरून असतील तर दोनच्या आसपास थांबा.

जळगावकर_ताई: एवढी आकडेमोड कशाला? सोनं घ्यायचं तर जळगावला या, चोवीस कॅरेटची वेढणी (साधी अंगठी) घ्या. लांबून लांबून लोक इथे येतात ते उगाच नाही. माझ्या दोन्ही सुनांना वेढण्याच घातल्या, आज सगळे हेवा करतात. आणि बांगड्याही करा, बायकोचं मन मोडू नका.

भुसावळ_जंक्शन: आजीच्या माळेतली पुतळी दाखवायला नेली होती. सराफ म्हणाला, कडी लावलीय, टाका आहे, मोडीच्या भावाने देतो, वर घट वेगळी. जुनं नाणं म्हणून एक पैसा जास्त नाही.

अमळनेरचा_मास्तर: सराफ मोडच बघणार. पण टाका असला की संग्राहकही हात आखडता घेतो. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यात नाण्यांवरही बंधनं होती. कित्येकांनी आटवली, दागिन्यांत घातली. तो कायदा १९९० ला गेला, तोवर बिनटाक्याची फार थोडी उरली. भाव चढायचं तेही एक कारण.

भुसावळ_जंक्शन: म्हणजे आजीने चुकीचंच केलं म्हणायचं का?

तापीचं_पाणी: लिलाव कशाला? शिरपूरकडे एक जण आहे, पाया खणताना हंडा निघाला. निम्म्या भावात देतोय. मेसेज करा.

जळगावकर_ताई: अगोबाई! हे मेसेज आमच्याकडेपण येतात.

अमळनेरचा_मास्तर: अजिबात करू नका. बहुतेक वेळा पहिलं नाणं खरं दाखवतात आणि पोतं पितळेचं देतात. आणि समजा खरा हंडा निघाला, तरी १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. घेणाराही अडकतो.

तापीचं_पाणी: मी फक्त सांगितलं. ज्याची त्याची मर्जी.

वांग्याचं_भरीत: भो, लेवाले सोपं शे, इकाले गये का समजस. सराफ सोनाना भाव दी, राणीना तोंडना नही.

सातपुडा_७२: माझ्याकडे व्हिक्टोरियाची १८४१ ची मोहोर आहे, राणीच्या नावाची अक्षरं विभागलेली. स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंगवाल्याने तपासून बंद केलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत. विकणार नाही, कोणी विचारू नये.

रावेरकर: बुऱ्हाणपूर टांकसाळीची औरंगजेबाची मोहोर पुढच्या लिलावात आहे. अंदाज बजेटात बसतोय.

अमळनेरचा_मास्तर: पहिल्या खरेदीला मोगल नको. बनावट फार, मागच्या खुणा वाचता आल्या पाहिजेत. व्हिक्टोरिया घ्या, विकताना सोपं जाईल.

गिरणाकाठ: बुऱ्हाणपूर तर मध्य प्रदेशात. खानदेशाच्या धाग्यात ते कशाला?

सातपुडा_७२: खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होती, साहेब. खानदेश सुभा तिथूनच चालायचा. १६०१ मध्ये जवळचा असीरगड किल्ला पडल्यावर अकबराने बहिरी ससाण्याची मोहोर पाडली आणि मुलगा दानियालच्या नावाने सुभ्याचं दानदेश केलं. आजची हद्द आता आखलीय.

गिरणाकाठ: दानदेश कोणी म्हणतं का?

सातपुडा_७२: म्हणून तर सांगितलं.

वांग्याचं_भरीत: मुद्दावर या भो.

अमळनेरचा_मास्तर: ऐकणार नसालच तर निदान हे बघा. वजन अकरा ग्रॅमच्या आसपास हवं, सोनं जवळजवळ शुद्ध. एका बाजूला हिजरी सन, दुसऱ्या बाजूला जुलूस सन, म्हणजे बादशहाच्या राजवटीचं कितवं वर्ष ते. हिजरीतून १०६८ वजा केले की जुलूस सन यायला हवं, फार तर एका वर्षाचा फरक. कडेला कडीची खूण नको. घासून चमकवलेलं नको. स्लॅबमध्ये असेल तर त्यावरचा नंबर ग्रेडिंगवाल्याच्या साइटवर टाकून फोटो ताडून पाहा, स्लॅबही बनावट येतात. पैसे बँकेतूनच, दोन लाख किंवा त्यावर रोख घेताच येत नाही. पावती जपा, दोन वर्षांनंतर विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के कर. आणि शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा गिऱ्हाईक इथलंच.

जळगावकर_ताई: वेढणीला यातलं काही लागत नाही.

रावेरकर: घेतली. बुऱ्हाणपूरचीच. गावापासून इतक्या जवळ पडलेलं नाणं सोडवेना. सगळं धरून अडीचच्या आत बसलं. व्हिक्टोरिया त्याच दिवशी बरीच वर गेली, मला परवडलीही नसती. मास्तर, वजन १०.९ भरलं. सन ११०१, जुलूस ३३.

अमळनेरचा_मास्तर: जुळतंय. कडेचा फोटो टाका.

भुसावळ_जंक्शन: पुतळीचा पण टाकू का? कोणीतरी नीट सांगा.