गेन वाढवला म्हणजे जास्त प्रकाश मिळत नाही

आकाशाचे फोटो घेताना कॅमेऱ्याचा गेन (सेन्सरचा सिग्नल किती पट वाढवायचा याचं सेटिंग) ३०० ठेवला तर अंधुक तेजोमेघ जास्त टिपले जातील, असं तुम्ही म्हणताय. पण सेन्सरवर पडणारा प्रकाश तेवढाच राहतो. वाढतं ते फक्त आकड्यात होणारं रूपांतर. खरा फायदा रीड नॉइज (सेन्सर वाचताना मिसळणारा गोंगाट) कमी होण्याचा, आणि त्याची किंमत म्हणजे प्रत्येक पिक्सेलची साठवण, म्हणजे तो भरून जाण्याआधी किती इलेक्ट्रॉन धरू शकतो ती मर्यादा, घटते.

झेडडब्ल्यूओ या कंपनीच्या खगोल-कॅमेऱ्यांत गेनचं एकक ०.१ डेसिबल आहे, म्हणजे दर ६० ला साठवण निम्मी. त्यांच्या एएसआय २६०० मध्ये गेन ० ला ती सुमारे ५०,००० इलेक्ट्रॉन, ३०० ला जेमतेम दीड हजार! मृगातला तेजोमेघ मी ३०० वर घेतला होता. ट्रॅपेझियमच्या (मधल्या तेजस्वी ताऱ्यांच्या गटाच्या) जागी नुसता पांढरा डाग, आणि आजूबाजूच्या ताऱ्यांचे रंगही गेलेले. असे जळालेले पिक्सेल स्टॅकिंग (अनेक फ्रेम एकत्र करणं) करूनही परत येत नाहीत.

याच कॅमेऱ्यात गेन १०० ला सेन्सरची कमी गोंगाटाची दुसरी पद्धत सुरू होते आणि रीड नॉइज गेन ० च्या साधारण ३.३ वरून १.५ इलेक्ट्रॉनवर उतरतो. म्हणून १०० वरच थांबा. नॅरोबँडलाही (प्रकाशाचा अरुंद पट्टाच आत सोडणारे फिल्टर वापरताना) मी हाच गेन ठेवतो, फक्त एक्स्पोजर ३०० सेकंदांपर्यंत नेतो. एक्स्पोजर किती? आकाशाची पार्श्वभूमी प्रत्येक फ्रेममध्ये रीड नॉइजच्या वर्गाच्या दहापट, म्हणजे इथे २०-२५ इलेक्ट्रॉन झाली की पुरे.

आणि हो, गेन बदललात तर डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेल्या, गोंगाट वजा करायच्या फ्रेम) नव्याने घ्या, जुन्या चालणार नाहीत.